डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर : नभोवाणीच्या एका कर्तव्यकठोर मंत्र्याचे चरित्र

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र छापण्याचा प्रघात आहे. आजवर बहुधा आपल्याच समाजातील कर्त्या पुरुषांची चरित्रे या पानांवर आली आणि ते योग्यच झाले. यंदा मात्र कार्यकारी मंडळाने हे काम प्रस्तुत लेखकाकडे सोपविले, तेव्हा मी जरा निराळी वाट धरण्याची परवानगी मागितली व ती मला मिळाली. ज्यांचे चरित्र मी येथे सांगणार आहे ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. आपल्या नेरूळ गावाशीही त्यांचा संबंध नव्हता. तरीसुद्धा गेल्या वर्षी आपल्या सर्वसाधारण सभेत जो वाद माजला, त्या वादाशी या गृहस्थांच्या आयुष्याचा फार जवळचा संबंध आहे.

तो वाद वाचकांच्या स्मरणात असेलच. हळदीच्या रात्री मांडवात डीजे लावावा की नाही, आणि लावल्यास कोणती गाणी वाजवावीत, यासंबंधी वडीलधाऱ्या मंडळींनी एक ठराव मांडला होता. सिनेमाची गाणी समाजातून हद्दपार करावीत आणि जो ती वाजवील त्याच्या घरच्या कार्यास मंडळाने जाऊ नये, असा त्या ठरावाचा आशय होता. तरुण मंडळी उठून गेली आणि ठराव तसाच राहिला. मी त्या वेळी वडीलधाऱ्यांच्या बाजूने हात वर केला होता, हे प्रथमच सांगून टाकतो. घरी आल्यावर मात्र मन स्वस्थ होईना. सत्तर वर्षांपूर्वी साऱ्या भारतवर्षासाठी असाच एक ठराव एका विद्वान, निःस्वार्थी आणि संगीतप्रेमी मंत्र्याने अंमलात आणून पाहिला होता, हे मला आठवले. त्या मंत्र्याचे नाव डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर.

केसकरांचा जन्म 1903 साली पुण्यास झाला. त्यांचे तारुण्य उमलण्याच्या सुमारास महात्मा गांधींच्या असहकाराच्या हाकेने देश हलून गेला होता. सरकारी शिक्षणाकडे पाठ फिरवून राष्ट्रीय शिक्षणाकडे वळलेल्या हजारो तरुणांपैकी केसकर हे एक होत. 1921 साली बाबू शिवप्रसाद गुप्त व डॉ. भगवानदास यांच्या प्रयत्नाने काशी विद्यापीठाची स्थापना झाली होती. तेथे केसकरांनी शिक्षण घेतले. पुढे पंतप्रधानपदी चढलेले लालबहादूर शास्त्री हेही याच विद्यापीठाचे स्नातक. काशीची भूमी ही संस्कृत विद्येची आणि संगीताचीही भूमी होय. तेथे केसकरांनी ध्रुपद गायकीचे रीतसर शिक्षण घेतले. ध्रुपद हा आपल्या संगीतातील अत्यंत धीरगंभीर प्रकार. त्यात चांचल्याला थारा नाही. ज्याच्या कानावर तारुण्यातच ध्रुपदाचे संस्कार झाले, त्यास पुढे सिनेमाचे संगीत उथळ वाटावे यात नवल ते कोणते?

यानंतर ते फ्रान्स देशात गेले आणि पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी संपादन केली. स्वदेशी परतल्यावर त्यांनी काँग्रेसच्या कार्यास वाहून घेतले. परदेशविषयक प्रश्नांचा त्यांचा अभ्यास दांडगा असल्यामुळे त्या कामी त्यांचा उपयोग होई. स्वातंत्र्याच्या सुमारास ते काँग्रेसचे सरचिटणीस होते. 1948 साली पंडित नेहरूंनी त्यांस परराष्ट्र खात्याचे उपमंत्री नेमले. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर प्रदेशातील सुलतानपूर जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले. पुण्यात जन्मलेल्या मराठी माणसाला अवधच्या शेतकऱ्यांनी आपला प्रतिनिधी म्हणून दिल्लीस धाडले, ही गोष्ट आज जातीचे आणि प्रांताचे हिशेब मांडून मते मागणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

याच वर्षी माहिती व नभोवाणी खाते त्यांच्या हाती आले आणि पुढे सलग दहा वर्षे, म्हणजे 1962 पर्यंत, ते त्यांच्याकडेच राहिले. सरदार वल्लभभाई पटेल हे या खात्याचे स्वतंत्र भारतातील पहिले मंत्री, त्यांच्यामागून रं. रा. दिवाकर आणि नंतर केसकर.

या खात्याचे सामर्थ्य किती होते याची कल्पना आजच्या तरुणांस येणे कठीण आहे. आज ज्याच्या खिशात मोबाइल आहे तो साऱ्या जगाचे गाणे ऐकू शकतो आणि स्वतःचेही जगाला ऐकवू शकतो. त्या काळी तशी सोय नव्हती. 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी संदेशवहनाचा कायदा यांनी आकाशातील लहरींवर सरकारची संपूर्ण मालकी स्थापन केली होती. खाजगी माणसास प्रक्षेपण करण्याची मुभा नव्हती, इतकेच नव्हे तर रेडिओ घरात ठेवावयाचा तरी टपाल कचेरीत वार्षिक शुल्क भरून परवाना काढावा लागे. ज्या घरी असा परवाना असे त्या घराची गावात प्रतिष्ठा असे. वर्तमानपत्रे, सरकारी अनुबोधपट, चित्रपटांचे परीक्षण आणि नभोवाणी या सर्वांची सूत्रे या एकाच खात्यात एकवटली होती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर देशाच्या संदेशवहनाचा नियामक आणि मालक हे दोन्ही एकच होते.

आणि तरीही हे साधन अद्यापि बाल्यावस्थेत होते. 1947 साली स्वतंत्र भारताच्या वाट्यास अवघी 6 आकाशवाणी केंद्रे आली होती : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली व लखनौ. देशाच्या भूभागापैकी केवळ अडीच टक्के भागात आणि लोकसंख्येपैकी अकरा टक्के लोकांपर्यंत त्यांचा आवाज पोहोचत असे. आपल्याकडे 1948 साली नागपूरचे व 1953 साली गांधीजयंतीच्या दिवशी पुण्याचे केंद्र सुरू झाले. केसकरांच्या दहा वर्षांत केंद्रांची संख्या वाढत गेली, आणि 1959 च्या 15 सप्टेंबर रोजी दिल्लीस दूरचित्रवाणीचा पहिला प्रयोगही त्यांच्याच कारकीर्दीत झाला.

केसकरांनी खाते हाती घेतले त्या वेळी आपल्या शास्त्रीय संगीताची स्थिती चिंताजनक होती. शतकानुशतके गवयांना संस्थानिकांनी पोसले होते. संस्थाने विलीन झाली, दरबार उठले आणि गवयी उघड्यावर पडले. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून संगीत सामान्य गृहस्थाच्या घरात आणले. विष्णु नारायण भातखंडे यांनी गवयांच्या पोटात दडलेल्या चिजा मिळवून त्या स्वरलिपीत छापल्या. हे दोघेही महाराष्ट्राचे सुपुत्र. परंतु शिकलेल्या विद्यार्थ्याला व वृद्ध उस्तादाला पोटास कोण देणार, हा प्रश्न उरलाच होता. नभोवाणीने राजाची जागा घ्यावी, असे केसकरांनी ठरविले.

या बाबतीत त्यांनी जे केले त्याचे ऋण आपण मान्य केलेच पाहिजे. 1952 च्या जुलै महिन्यापासून दर शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम साऱ्या केंद्रांवरून एकाच वेळी होऊ लागला. मदुराईच्या श्रोत्याने उत्तरेचे ख्याल ऐकावे आणि नागपूरच्या श्रोत्याने कर्नाटक संगीत ऐकावे, असा योग त्यापूर्वी नव्हता. त्याच वर्षी आकाशवाणीचा वाद्यवृंद पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. 1954 पासून रेडिओ संगीत संमेलन भरू लागले. शेकडो कलावंतांस नियमित बिदागी मिळू लागली. कित्येकांच्या घरची चूल त्यावर पेटली. कलावंतांची प्रतवारी लावण्यासाठी परीक्षण मंडळे नेमली गेली आणि त्या कामी भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारखा अधिकारी पुरुष प्रमुख म्हणून लाभला. मात्र जन्मभर मैफली गाजविलेल्या गवयांना परीक्षेस बसवावे, ही कल्पना अनेकांस अपमानास्पद वाटली आणि तिच्याविरुद्ध मोठा गहजब झाला. शिक्षकाच्या पेशात जन्म घालविलेल्या माझ्यासारख्यास परीक्षेचे मोल कळते. पण परीक्षा कोणाची घ्यावी आणि कोणाला नमस्कार करावा, याचाही विवेक असावा लागतो.

येथवर केसकरांचे कार्य देण्याचे होते. परंतु त्यांनी काढून घेण्याचेही कार्य आरंभिले आणि तेथेच त्यांची परीक्षा झाली.

सिनेमाचे संगीत हे उथळ, पाश्चात्त्यांच्या उसन्या चालींवर पोसलेले आणि तरुणांच्या अभिरुचीस घातक आहे, असे त्यांचे मनापासूनचे मत होते. त्यांनी प्रथम नभोवाणीवरील सिनेगीतांचा वाटा एकूण वेळेच्या दहा टक्क्यांवर आणला आणि गाणी निवडूनच लावली जातील अशी व्यवस्था केली. पुढे चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे त्याची फुकट जाहिरात करणे होय, असे ठरवून ते नाव घेणेही बंद करण्यात आले. केवळ गायकाचे नाव सांगावयाचे. निर्मात्यांना हे मानवले नाही. त्यांनी आपल्या ध्वनिमुद्रिका वाजविण्याची अनुमतीच काढून घेतली. अशा रीतीने बंदीचा कोणताही कायदा न होता, थोड्याच महिन्यांत सिनेमाची गाणी भारताच्या नभोवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. मंत्रिमहोदयांचा हेतू सिद्धीस गेला असे दिल्लीत वाटले असेल.

परंतु आकाशाला कुंपण घालता येत नाही. दक्षिणेस सिलोन बेटावर युद्धकाळात उभारलेली शक्तिशाली प्रक्षेपण यंत्रे होती. कोलंबोच्या व्यापारी केंद्राने हिंदुस्थानी श्रोत्यांसाठी लघुलहरींवरून सिनेगीतांचे कार्यक्रम सुरू केले. 1952 च्या 3 डिसेंबर रोजी बिनाका गीतमाला हा कार्यक्रम प्रथम प्रसारित झाला. अमीन सयानी या तरुण निवेदकाचा आवाज मुंबईत मुद्रित होऊन कोलंबोस जाई आणि तेथून साऱ्या भारतात पसरे. दर बुधवारी रात्री देशभर लोक रेडिओभोवती जमू लागले. भारतीय कारखानदारांचा जाहिरातीचा पैसा परदेशी केंद्राच्या तिजोरीत जाऊ लागला, आणि भारताच्या नभोवाणीवरून उठून गेलेला श्रोता शास्त्रीय संगीताकडे न वळता सिलोनकडे वळला. ज्याला सुधारावयाचे तोच हातचा गेला.

प्रस्तुत लेखकाचा जन्म यानंतरचा. माझ्या बालपणी नेरूळ हे खाडीकाठचे, भातखाचरांचे आणि मिठागरांचे लहानसे गाव होते. सिडकोचे शहर अद्यापि कागदावरही उतरले नव्हते. आमचे तीर्थरूप वारकरी होते. घरात भजनाखेरीज दुसरे गाणे म्हटलेले त्यांस खपत नसे. आळीतील एका गृहस्थांकडे रेडिओ होता. बुधवार आला की जेवण झाल्यावर मी अभ्यासाचे निमित्त सांगून त्यांच्या ओटीवर जाऊन बसे. खरखर करीत येणारा तो सिलोनचा आवाज मी कान देऊन ऐकत असे. वडिलांनी बंदी केली नसती, तर मी इतक्या ओढीने गेलो असतो का, असा प्रश्न आज पडतो. केसकरांनी देशावर जे केले तेच आमच्या वडिलांनी घरात केले होते आणि फळही तेच मिळाले होते.

सरकारलाही ही गोष्ट उमगली. 1957 च्या 3 ऑक्टोबर रोजी विविध भारती ही हलक्याफुलक्या मनोरंजनाची सेवा आकाशवाणीने सुरू केली. तिची धुरा कवी नरेंद्र शर्मा यांच्याकडे देण्यात आली आणि ते स्वतः चित्रपटांसाठी गीते लिहीत असत, हे विशेष. सिनेमाची गाणी पुढच्या दाराने सन्मानाने परत आली. ज्या मंत्र्याने ती घालविली त्याच मंत्र्याच्या कारकीर्दीत ती परतली, यात काही जणांना पराभव दिसेल. मला तसे वाटत नाही. आपला उपाय चुकला असे दिसताच मार्ग बदलू देणे, याला मोठे मन लागते. 1967 च्या नोव्हेंबरपासून मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीवर जाहिरातीही सुरू झाल्या. मात्र तोवर केसकर खात्यात नव्हते.

चरित्र सांगताना दोष झाकू नयेत, म्हणून आणखी दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. आपल्या संगीताचा ऱ्हास मुसलमान उस्तादांच्या हाती झाला, असे केसकरांचे मत होते व ते त्यांनी लिहूनही ठेविले. हे मत महाराष्ट्राच्या अनुभवाशी जुळत नाही. मिरजेस राहून किराणा घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे अब्दुल करीम खाँ आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरास राहिलेले अल्लादिया खाँ यांनी हातचे न राखता मराठी शिष्यांस विद्या दिली. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही नावे त्या विद्येची साक्ष होत. गुरूची जात पाहिली असती तर ही विद्या आपल्याकडे आलीच नसती.

दुसरी गोष्ट पेटीची. इंग्रजी अमदानीत, 1940 साली, नभोवाणीवरून हार्मोनियमला हद्दपार करण्यात आले होते. आपल्या संगीतातील सूक्ष्म श्रुती त्या वाद्यातून निघत नाहीत हे त्याचे कारण. केसकरांनी ती बंदी चालूच ठेविली आणि ती शिथिल होण्यास सत्तरचे दशक उजाडावे लागले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या पेटीवादकाच्या महाराष्ट्रात, जेथे प्रत्येक भजनी मंडळात पेटी आहे, तेथे ही बंदी लोकांस अनाकलनीय वाटे. गंमत अशी की 1955 साली आकाशवाणीत दाखल झालेले पु. ल. देशपांडे हे स्वतः रसिकमान्य पेटीवादक होते.

परंतु याच काळात, याच खात्याच्या छत्राखाली, जे चांगले घडले ते कसे घडले हे पाहणे अधिक बोधप्रद आहे. 1955 च्या 1 एप्रिल रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून गीतरामायणास प्रारंभ झाला. केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांस गळ घातली, माडगूळकरांनी गीते रचिली आणि सुधीर फडके यांनी त्यांस चाली लाविल्या. वर्षभर दर आठवड्यास एक, अशी 56 गीते महाराष्ट्राने ऐकली. आमच्या घरातील वडील माणसे सांगत की रेडिओपुढे उदबत्ती लावून लोक बसत. आता ध्यानात घ्या, माडगूळकर व फडके हे दोघेही सिनेमाचेच मानकरी होते. ज्या सिनेमावाल्यांच्या गाण्यांनी अभिरुची बिघडते असे दिल्लीस वाटत होते, त्याच सिनेमावाल्यांनी पुण्याच्या केंद्रात बसून हे अमर काव्य महाराष्ट्रास दिले. त्यांना कोणी मज्जाव केला नव्हता, तर सन्मानाने बोलाविले होते.

असेच दुसरे उदाहरण चित्रपटांचे. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने 1951 साली आपला अहवाल दिला होता. त्यानंतर उत्तम चित्रपटांना सरकारी पारितोषिके देण्यास प्रारंभ झाला, आणि 1954 साली दिलेल्या पहिल्या राष्ट्रपती सुवर्णपदकाचा मान आचार्य अत्रे यांच्या श्यामची आई या मराठी चित्रपटास मिळाला. वाईट चित्रपटांवर कात्री चालवून जे साधत नाही, ते चांगल्या चित्रपटाच्या पाठीवर थाप देऊन साधले. तिसरे उदाहरण शेतकऱ्यांचे. 1956 साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे काढण्याचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्रास कळवाव्या, अशी ती योजना होती. ऐकणाऱ्यासही बोलण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व त्या प्रयोगात होते. तो प्रयोग यशस्वी झाला आणि देशभर अनुकरणीय ठरला.

वर्तमानपत्रांच्या बाबतीतही केसकरांच्या कारकीर्दीत महत्त्वाच्या घटना घडल्या. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष या मराठी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील वृत्तपत्र आयोगाने 1954 साली अहवाल सादर केला. त्यानुसार 1956 साली वृत्तपत्र निबंधकाची कचेरी सुरू झाली. बड्या भांडवलाची वर्तमानपत्रे थोड्या किमतीत पुष्कळ पाने देऊन लहान पत्रांस गिळतात, म्हणून किमतीच्या प्रमाणात पानांची संख्या बांधून देणारा कायदाही त्याच वर्षी झाला आणि 1960 साली त्याखाली हुकूम निघाला. हेतू लहानांच्या रक्षणाचा, म्हणजे स्तुत्यच होता. परंतु पुण्याच्या सकाळ या पत्रापुढे पाने कमी करा किंवा किंमत वाढवा, असा पेच पडला आणि त्या पत्राने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 1961 साली न्यायालयाने हा कायदा व हुकूम घटनाबाह्य ठरविला. पाने किती छापावी आणि ती किती लोकांपर्यंत पोहोचवावी हा विचारस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि सामाजिक हिताच्या नावाखालीही ते स्वातंत्र्य अशा रीतीने आखडता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. कायद्याचे विद्यार्थी आजही हा पुण्याचा खटला अभ्यासतात. सिलोनने जो धडा दिला होता तोच न्यायालयाने कायद्याच्या भाषेत दिला.

केसकरांच्या आणखी एका भाकिताची हकीकत नेरूळकरांस गमतीची वाटेल. क्रिकेट हा इंग्रजांचा खेळ असून त्यांच्या संस्कृतीबरोबरच तो या देशातून निघून जाईल, असा त्यांचा होरा होता. आज आपल्या नेरूळातच डी. वाय. पाटील क्रीडांगण उभे आहे. 2008 साली आयपीएलचा पहिला अंतिम सामना तेथे झाला आणि 2025 च्या 2 नोव्हेंबर रोजी भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तोही याच क्रीडांगणावर. त्या रात्री आपल्या गल्लीगल्लीतून फटाके वाजले. लोक कशावर प्रेम करतील हे आधी ओळखणे विद्वानांनाही जमत नाही, एवढाच याचा अर्थ.

1962 नंतर केसकर मंत्रिमंडळात राहिले नाहीत. त्यांच्या आयुष्याचा हा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. शिक्षकाला मात्र तोच अधिक प्रिय वाटेल. 1957 साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. येथे कोणावर बंदी घालण्याचा अधिकार नव्हता. केवळ चांगली पुस्तके काढून ती स्वस्तात लोकांच्या हाती देणे एवढेच काम होते. भारतातील भूमी व लोक यांविषयीची माला, राष्ट्रीय चरित्रमाला, एका भारतीय भाषेतील उत्तम ग्रंथ दुसऱ्या भाषेत आणणारी आदान-प्रदान माला आणि मुलांसाठी नेहरू बाल पुस्तकालय या योजना या काळात आकारास आल्या. 1972 साली दिल्लीस पहिला जागतिक ग्रंथमेळा भरला. मी नोकरीत रुजू झालो तेव्हा शाळेच्या कपाटात धार्मिक पोथ्या आणि जुनी क्रमिक पुस्तके यांखेरीज जी काही रंगीत पुस्तके होती ती याच बाल पुस्तकालयाची. ती पाने मुलांच्या हातून फाटली, चिकटविली गेली आणि पुन्हा फाटली. मंत्री म्हणून दहा वर्षे ज्या माणसाने लोकांची अभिरुची आज्ञेने घडविण्याचा यत्न केला, त्याच माणसाने पुढे ती पुस्तकांनी घडविली. आणि ही दुसरी सेवा आजही टिकून आहे. 1984 साली त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे काळ फार बदलला. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने आकाशातील लहरी ही कोण्या सरकारची नव्हे तर जनतेची मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. तो निर्णय लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे मराठी न्यायाधीश प्रमुख होते. 1997 साली दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच वर्षी आकाशवाणी व दूरदर्शन प्रसार भारतीकडे गेले. नियामक निराळा आणि चालक निराळा, ही व्यवस्था रुजू लागली. केसकरांच्या हाती होती तेवढी सत्ता यापुढे कोणा एका मंत्र्याच्या हाती येणार नाही.

आता माझा स्वतःचा एक अपराध सांगतो. एका शाळेत असताना स्नेहसंमेलनाची जबाबदारी माझ्याकडे होती. सिनेमाच्या गाण्यांवरील नाच मी एका फटक्यात बंद केले. परिणाम असा झाला की त्या वर्षी कार्यक्रमास मुलेच मिळेनात. जी मिळाली ती ओढून आणलेली, आणि पालक अर्ध्यावर उठून गेले. दुसऱ्या वर्षी एका वृद्ध धवलारणीस मी शाळेत बोलाविले. आपल्या लग्नातील धवले तिने मुलींना पंधरा दिवस बसून शिकविले. सिनेमाचे नाच मी त्या वर्षी बंद केले नाहीत. चार नाच झाले आणि मध्ये धवले झाले. टाळ्या कोणास अधिक पडल्या हे सांगण्याची आवश्यकता नाही, पण त्या मुलींपैकी दोघी आज आपल्या मुलांच्या लग्नात स्वतः धवले म्हणतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ज्ञातिबांधवहो, यासाठी मी हे चरित्र निवडले. केसकर लाच खाणारे नव्हते, आळशी नव्हते, अडाणी तर नव्हतेच. त्यांच्याएवढा विद्वान व कळकळीचा माणूस आपल्या मंडळात आज एकही नाही. एवढ्या योग्यतेच्या माणसास, हाती साऱ्या देशाची नभोवाणी असताना जे आज्ञेने साधले नाही, ते आपणास एका ठरावाने साधेल काय? डीजेचा आवाज किती असावा आणि रात्री दहानंतर तो बंद व्हावा, हे पाहण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. आजारी माणसाच्या आणि परीक्षेस बसलेल्या मुलाच्या झोपेचे रक्षण झालेच पाहिजे आणि तेथे आपण कठोर असावे. परंतु कोणते गाणे वाजवावे हे ठरावाने बांधू नये. आपल्या धवलारणी आता हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. ठरावाच्या पायी भांडत बसण्यापेक्षा मंडळाने त्यांस मान द्यावा, बिदागी द्यावी, त्यांचे धवले मुद्रित करून ठेवावे आणि उन्हाळ्याच्या सुटीत मुलामुलींस शिकविण्याचा वर्ग काढावा. या कामी हा वृद्ध शिक्षक विनावेतन राबण्यास सिद्ध आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव पुन्हा येईल असे ऐकतो. तो आल्यास या वेळी माझा हात खाली राहील, एवढे नम्रपणे नोंदवितो आणि हे चरित्र पुरे करतो. इत्यलम्.